चित्रगतीची सलगता : वस्तुधर्म की प्रत्यय?

व्हिडिओ खेळातील चित्र सलग चालते की अडखळते, हा प्रश्न प्रथमदर्शनी विद्यापीठीय चर्चेस साजेसा वाटणार नाही. तो वसतिगृहातला प्रश्न आहे. नंदुरबार, शहादा किंवा तळोदे येथे चार विद्यार्थी भ्रमणध्वनीवर ‘बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया’सारखा खेळ खेळावयास बसले म्हणजे हा वाद हटकून निघतो. एकाच्या मते सेकंदास ६० चित्रे पुरेशी असतात. दुसऱ्यास ९० असल्यावाचून खेळ ‘मख्खन’ वाटत नाही. तिसरा मानवी डोळ्यास २४ च्या पुढे काही दिसतच नाही असे ठामपणे सांगतो. आणि चौथा ‘ज्याची त्याची नजर’ एवढे बोलून वाद मिटवतो. या चार मतांपैकी तिसरे सरळ चुकीचे आहे. चौथे मात्र अधिक विचारार्ह आहे, कारण ते अर्धे खरे असून त्याचा उरलेला अर्धा भाग बराच अनर्थकारक आहे.

तो अनर्थ भाषाभ्यासकास विशेष जाणवावा. नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्यातून वेगळा झाला. भिली, पावरी, मावची, अहिराणी, गुजरी अशा अनेक बोलींचे लोक तेथे शेजारी शेजारी नांदतात, आणि त्यांच्या भाषांचे जे काही वर्णन होते ते शेवटी ‘ही दोन उच्चारणे तुम्हांस वेगळी वाटतात काय?’ या प्रश्नाच्या उत्तरावर उभे असते. जाणवलेला फरक ही केवळ ज्याच्या त्याच्या नजरेची किंवा कानाची गोष्ट ठरली, तर स्वभाषकाच्या साक्षीस मोल राहणार नाही आणि सर्वेक्षकाने ‘आम्हांस काही फरक ऐकू येत नाही’ असे म्हणून एखादा वर्णभेद नाकारणेही रास्त ठरेल. यास्तव चित्रगतीचा हा क्षुल्लक वाटणारा प्रश्न थोडा नेटाने सोडविणे अप्रस्तुत नाही. त्यात एक सोयही आहे : येथे बाह्य उद्दीपक अत्यंत काटेकोर मोजता येतो.

पडद्यावर दर सेकंदास जितकी स्थिर चित्रे, म्हणजे चौकटी, उमटतात तिला चौकटगती म्हणू. ३० चौकटींच्या गतीस प्रत्येक चौकट ३३.३ सहस्रांश सेकंद टिकते. ६० च्या गतीस १६.७, ९० च्या गतीस ११.१, १२० च्या गतीस ८.३. हे साधे गणित ध्यानात ठेवले म्हणजे वादातील एक गोष्ट तत्काळ उलगडते. ३० वरून ६० वर गेल्यास प्रत्येक चौकटीमागे १६.७ सहस्रांश सेकंद वाचतात. ६० वरून १२० वर गेल्यास गती पुन्हा दुप्पटच होते, परंतु वाचतात फक्त ८.३. पुढे २४० वर गेल्यास ४.२. पहिली पायरी सर्वांना दिसते आणि तिसरी फार थोड्यांना दिसते, याचे निदान काही कारण पाहणाऱ्याच्या मनात नसून अंकगणितात आहे. येथे आणखी एक अट आहे. पडदाच सेकंदास ६० वेळा चित्र बदलणारा असेल, तर यंत्राने आत ९० चौकटी तयार केल्या तरी पाहणाऱ्याच्या डोळ्यापर्यंत ९० पूर्ण चित्रे पोचत नाहीत.

२४ हा आकडा कोठून आला? तो डोळ्याच्या शास्त्रातून आलेला नाही. तो बोलपटाच्या व्यवहारातून आला आहे. मूकपटाच्या काळी चित्रण व प्रक्षेपण हाताने दांडा फिरवून होत असे आणि गती सेकंदास सुमारे १६ पासून वीस-बाविसापर्यंत बदलत असे. दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ १९१३ साली प्रेक्षकांसमोर आला तो याच युगात. त्यापूर्वी, १९१२ मध्ये, भांडवल देऊ शकणाऱ्यांची खात्री पटावी म्हणून फाळक्यांनी कुंडीत रुजत घातलेल्या वाटाण्याच्या रोपाची वाढ दीर्घ काळ चौकट चौकट करून टिपली होती. पडद्यावर ते रोप पाहता पाहता वर आले. ज्या गतीने चित्र टिपले जाते आणि ज्या गतीने ते दाखविले जाते त्या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे महाराष्ट्रात इतक्या लख्खपणे प्रथम दाखविणारी वस्तू बहुधा ते रोपच असावे. पुढे ध्वनीची पट्टी चित्रफितीस जोडली गेली तेव्हा गती स्थिर ठेवणे अपरिहार्य झाले, कारण कान गतीतील चढउतार डोळ्याइतके सोसत नाही. ध्वनी सुबोध राहावा आणि फीतही फार खर्ची पडू नये, या तडजोडीतून २४ ही संख्या रूढ झाली.

डोळ्यास खरोखर २४ पुरते, तर प्रक्षेपकास पात्यांची गरज पडली नसती. प्रक्षेपकातील फिरते झाकण प्रत्येक चौकटीवरील प्रकाश दोनदा वा तीनदा तोडते. २४ चौकटींचे असे ४८ लखलखाट होतात, आणि मूकपटाच्या १६ चौकटींचे तीन पात्यांनी तेवढेच होत. हे न केल्यास पडदा लुकलुकतो. गती जाणवणे आणि लुकलुक न जाणवणे या दोन वेगळ्या क्रिया आहेत, हे यावरून स्पष्ट व्हावे. सेकंदास दहाबारा चित्रांपासूनच मनास हालचाल प्रतीत होऊ लागते. माक्स वेर्थायमर यांनी १९१२ साली याच आभासी गतीचा अभ्यास प्रसिद्ध केला व त्यातून समष्टिवादी मानसशास्त्राचा पाया घातला गेला. लुकलुक नाहीशी होण्यास मात्र याहून बरीच अधिक वारंवारता लागते, आणि ती प्रकाशाच्या तीव्रतेबरोबर वाढते. फेरी व पोर्टर यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या नियमानुसार ही वाढ तेजस्वितेच्या लॉगरिथमच्या प्रमाणात होते. अर्थात अंधाऱ्या तंबूत स्थिर दिसणारा पडदा लख्ख उजेडाचा केल्यास लुकलुकू लागेल. महाराष्ट्रातील जत्रांमधून फिरणाऱ्या तंबूतील चित्रपटगृहांवर शर्ली अब्राहम व अमित मधेशिया यांनी केलेला ‘द सिनेमा ट्रॅव्हलर्स’ हा माहितीपट २०१६ साली कान येथे दाखविण्यात आला. फितीचा प्रक्षेपक जाऊन संगणकीय प्रक्षेपक आल्याचे संक्रमण त्यात पाहावयास मिळते. त्या जुन्या यंत्रांची देखभाल करणाऱ्या कारागिरांस झाकणाच्या पात्यांचे हे मर्म ग्रंथावाचून ठाऊक होते.

येथवर प्रश्न सोपा आहे, कारण एकच मोजमाप पुरते असे गृहीत धरले आहे. प्रत्यक्षात ते पुरत नाही. एका सेकंदात ६० चौकटी उमटल्या. परंतु पहिल्या ५९ प्रत्येकी ८.३ सहस्रांश सेकंदांत आटोपल्या आणि साठावी अर्धा सेकंद थिजून राहिली, अशी कल्पना करावी. सरासरी चौकटगती ६०, आणि खेळणारा मात्र वैतागलेला. जो केवळ सरासरी वाचून ‘यंत्र तर ६० दाखविते, तुम्हांस उगाच भास होतो’ असे म्हणेल, तो वस्तुनिष्ठतेच्या नावाखाली वस्तूकडेच दुर्लक्ष करील. अक्कलकुवा तालुक्यातील काठी येथील राजवाडी होळीत रात्रभर ढोल वाजतात. तेथे मिनिटास किती ठोके पडले याची बेरीज करून ठेका धरला गेला की सुटला हे कोणी ठरवीत नाही. दोन ठोक्यांमधील अंतर सम आहे की नाही हेच ऐकले जाते. ठोक्यांच्या अंतरात शेकडा काही अंशांचा फरक पडला तरी तो जाणत्या कानास खटकतो. चौकटींचेही असेच आहे. २४ चौकटींचा चित्रपट ६० वेळा बदलणाऱ्या पडद्यावर दाखविताना एक चौकट ५० सहस्रांश सेकंद व पुढची ३३.३ सहस्रांश सेकंद अशी आळीपाळीने टिकते, आणि कॅमेरा सावकाश आडवा फिरला की हा लंगडेपणा उघडा पडतो.

ध्वनिशास्त्राच्या अभ्यासकास या ठिकाणी एक जुने उदाहरण आठवेल. लिस्कर व अब्रामसन यांनी १९६४ साली अकरा भाषांतील आरंभीच्या स्पर्शवर्णांचे मापन प्रसिद्ध केले. त्या अकरांत मराठीही होती. स्पर्शाचा स्फोट आणि घोषाचा आरंभ यांमधील कालांतर हे एकच माप त्यांनी घेतले. त्या मापाने ‘द’, ‘त’ आणि ‘थ’ उत्तम वेगळे पडतात : ‘द’मध्ये घोष स्फोटाच्या आधीच सुरू होतो, ‘त’मध्ये स्फोटापाठोपाठ, आणि ‘थ’मध्ये पुष्कळ उशिरा. परंतु ‘द’ आणि ‘ध’ यांची ताटातूट त्या एका मापाने नीट होत नाही, कारण दोहोंतही घोष आधीच सुरू झालेला असतो. ‘ध’चे वैशिष्ट्य स्फोटानंतरच्या सघोष श्वासात आहे. यावरून मराठी भाषकाचा ‘द’–‘ध’ भेद व्यक्तिनिष्ठ आहे असा निष्कर्ष कोणीही काढला नाही. माप अपुरे आहे असाच काढला, आणि तोच योग्य होता. सरासरी चौकटगती आणि खेळणाऱ्याची तक्रार यांचा मेळ बसत नाही तेथेही प्रथम दुसरे माप शोधावयास हवे. भासाचा आरोप त्यानंतर करता येईल.

अशी दुसरी मापे आहेत, आणि ती पुष्कळ आहेत. हलत्या वस्तूचा माग डोळा अखंड घेत असतो, परंतु आजच्या पडद्यावर प्रत्येक चौकट आपला काळ संपेपर्यंत जागच्या जागी उभी असते. त्यामुळे वस्तूची प्रतिमा दृष्टिपटलावर फाकते. सेकंदास ९६० बिंदू सरकणारी आकृती ६० च्या गतीस सुमारे १६ बिंदू इतकी पुसट होते, १२० च्या गतीस ८. चित्रपटास २४ चालतात आणि खेळास चालत नाहीत, याचे एक कारण असे की चित्रपटाच्या कॅमेऱ्यात झाकण सामान्यतः सेकंदाचा १/४८ भाग उघडे राहते व हालचालीचा ओघ प्रत्येक चौकटीतच किंचित पुसला जातो. संगणकाने रेखाटलेली चौकट मात्र क्षणाचा कोरीव छेद असते. दुसरे कारण अधिक महत्त्वाचे आहे. प्रेक्षक पाहतो, खेळणारा करतो. बोट हलविल्यापासून पडद्यावर परिणाम दिसेपर्यंतचा विलंब चौकटगतीबरोबर घटतो, आणि हा विलंब हातास कळतो. एकाच खेळाचे चित्र मागे उभा असलेला मित्र ‘छान चालले आहे’ म्हणतो आणि खेळणारा ‘अटकते आहे’ म्हणतो, तेव्हा दोघेही खरे बोलत असतात. दोघांपुढील उद्दीपक एक नसतो एवढेच.

खानदेशच्या उन्हाळ्याचाही येथे संबंध आहे. पारा ४० अंशांच्या वर गेलेला असताना तापलेले यंत्र आपला संस्कारक वाचविण्यासाठी त्याची गती आपोआप उतरविते. पहिली दहा मिनिटे उत्तम चाललेला खेळ मग अडखळू लागतो. आणि सातपुड्याच्या पाड्यांत, जेथे संपर्कजाळे क्षीण असते, तेथे चौकटी नियमित उमटत असूनही प्रतिस्पर्धी जागच्या जागी गोठून एकदम पुढे उडी घेतो. तरुणांच्या बोलीत या दोहोंस, आणि स्पर्शविलंबासही, ‘लॅग’ हा एकच शब्द आहे. कारणे तीन, शब्द एक. वादाचा बराच भाग येथेच मुरतो.

शब्दांचा विषय निघालाच आहे तर तो थोडा पाहावा. दोषासाठी मराठीत रेलचेल आहे : अडखळते, अटकते, रखडते, धक्के खाते, थिजते, शिवाय ‘हँग’ आणि ‘लॅग’ आहेतच. गुणासाठी मात्र पुष्कळदा दोषाचा अभाव सांगावा लागतो : अस्खलित, अखंड, अविरत. ‘संथ’ या शब्दात समता आहे, परंतु मंदताही आहे. नदी संथ असणे ही स्तुती, खेळ संथ असणे ही तक्रार. उपर्युक्त खेळाच्या मांडणीत तर ‘स्मूद’ हे चित्राच्या कनिष्ठ प्रतीचे नाव आहे. चित्राचा तपशील कमी केला की यंत्रास अधिक चौकटी काढणे परवडते, यामुळे ते नाव पडले असावे. पण त्यामुळे ‘स्मूद’ निवडूनही खेळ स्मूद नाही अशी तक्रार करता येते. सलगतेचा अनुभव हा बहुतांशी काही न जाणवण्याचा अनुभव आहे, आणि जे जाणवले नाही त्याविषयीची ग्वाही नेहमीच अवघड असते.

व्याकरण याहून अधिक मदत करते. ‘चित्र अडखळते’, ‘मला चित्र अडखळताना दिसते’ आणि ‘मला चित्र अडखळल्यासारखे वाटते’ ही तीन वाक्ये मराठी भाषक सहसा गल्लत न करता वापरतो. पहिल्यात चित्र कर्ता आहे. विधानाचा खरेखोटेपणा उपकरणाने ठरतो. दुसऱ्यात अनुभव घेणारा चतुर्थीत आहे व क्रियापद ‘दिसणे’ आहे. येथे प्रश्न संवेदनक्षमतेचा आहे. तिसऱ्यात क्रियापद ‘वाटणे’ आहे, आणि ‘वाटणे’ यात संवेदन, अपेक्षा, सवय व आवड यांचे मिश्रण झालेले असते. ‘ज्याची त्याची नजर’ म्हणणारा मनुष्य दुसरे वाक्य तिसऱ्यात विरघळवून टाकतो. दिसणे व्यक्तीगणिक भिन्न असेल. त्यामुळे ते मत ठरत नाही.

ही दोन वाक्ये प्रयोगाने वेगळी करता येतात. फेखनर यांनी १८६० मध्ये मानसभौतिकीची मांडणी केली तेव्हा संवेदनसीमा ही एक ठाम रेषा आहे अशी कल्पना होती : तिच्या खाली काही जाणवत नाही, वर जाणवते. विसाव्या शतकाच्या मध्यास रडारच्या पडद्यावरील अंधुक ठिपके ओळखण्याच्या प्रश्नातून संकेतशोधनाचा सिद्धांत पुढे आला आणि ग्रीन व स्वेट्स यांच्या १९६६ च्या ग्रंथाने तो मानसशास्त्रात स्थिरावला. ‘फरक दिसला’ या उत्तरात दोन घटक असतात, असे तो सिद्धांत सांगतो : प्रत्यक्ष वेगळे ओळखण्याची क्षमता, आणि ‘होय’ म्हणण्यास लागणाऱ्या पुराव्याचा निकष. महाग यंत्र घेतलेल्याचा निकष सैल असतो. त्यास १२० चा आकडा सांगितला की चित्र लगेच लोण्यासारखे वाटते. जुन्या यंत्रावर समाधान मानणाऱ्याचा निकष कडक असतो. दोघांची क्षमता कदाचित तंतोतंत सारखी असेल.

क्षमता तपासावयाची तर मत विचारूच नये. एकसारखी दोन यंत्रे घ्यावीत, एकावर ६० व दुसऱ्यावर ९० ची गती ठेवावी, आकडा झाकावा, डावे-उजवे नाणे उडवून ठरवावे, आणि अधिक गतीचे कोणते एवढेच विचारावे. अशा वीस फेऱ्या घ्याव्यात. निव्वळ अंदाजाने सरासरी १० उत्तरे बरोबर येतील. १५ किंवा अधिक बरोबर येण्याची शक्यता शेकडा दोनाहून किंचितच अधिक आहे. जो पंधरा गाठतो त्यास फरक दिसतो, मग त्याच्या मित्रास दिसो वा न दिसो. जो दहाच्या आसपास घुटमळतो त्याने ९० वाचून चालत नाही असे म्हणणे हे त्याच्या निकषाविषयी, फार तर त्याच्या खरेदीविषयी, काही सांगते. प्रयोग घेताना यंत्रे थंड असावीत आणि चौकटींची अंतरे आधी मोजून घ्यावीत. अन्यथा चौकटगतीऐवजी उन्हाळ्याचीच परीक्षा व्हावयाची.

व्यक्तीव्यक्तींत असा खरा फरक असतो याविषयी आता संशय राहिलेला नाही. डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजमधील संशोधकांनी २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात काहींना सेकंदास सुमारे ३५ वेळा लखलखणारा प्रकाश स्थिर दिसला, तर काहींना ६० च्या वरही लुकलुक जाणवत राहिली. महत्त्वाची बाब पुढे आहे : एकाच व्यक्तीची पुन्हा चाचणी घेतली असता तिची सीमा फारशी हलली नाही. अशी सीमा हा त्या व्यक्तीविषयीचा तथ्यांश आहे, जसा चष्म्याचा अंक असतो. चित्राच्या रचनेवरही पुष्कळ अवलंबून असते. डेव्हिस व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये दाखविले की तीक्ष्ण कडा असलेले चित्र आणि झरकन फिरणारा डोळा एकत्र आले असता ५०० च्या वारंवारतेलाही दोष जाणवू शकतो. २४ च्या पुरस्कर्त्यांस याहून अधिक उत्तर देण्याचे प्रयोजन नाही.

आवड हे प्रकरण मात्र वेगळे ठेवावे लागते. २०१२ मध्ये पीटर जॅक्सन यांनी ‘द हॉबिट’ हा चित्रपट ४८ चौकटींच्या गतीने दाखविला. चित्र निःसंशय अधिक सलग होते, आणि अनेक प्रेक्षकांना नेमके तेच रुचले नाही. दूरचित्रवाणीवरील मालिकेसारखे दिसते अशी तक्रार झाली. त्यांना फरक अचूक दिसला होता. अधिक सलग ते अधिक चांगले, हे समीकरण त्यांनी मान्य केले नाही, आणि तेथे कोणतेही उपकरण त्यांना खोटे पाडू शकत नाही.

भाषेच्या क्षेत्रात या विवेकाचा उपयोग सरळ आहे. ‘जग’ म्हणजे विश्व आणि ‘जग’ म्हणजे जिवंत राहा, या दोहोंतील ‘ज’चा भेद लिपी दाखवीत नाही, नवख्या हिंदी भाषकास तो बहुधा प्रारंभी ऐकूही येत नाही, आणि मराठी मुलास तो शिकवावा लागत नाही. कान सरावाने तयार होतो, जसा खेळणाऱ्याचा डोळा होतो. परंतु सरावाने निर्माण होते ती क्षमता, भेद आधीपासूनच हवेत असतो. प्रमाण मराठीचा ‘डोळा’ अहिराणीत ‘डोया’ होतो, तेथे तर सर्वेक्षकाचा कान चुकण्याचे भय नाही. भय आहे ते सूक्ष्म भेदांचे. ग्रियर्सन यांच्या भाषासर्वेक्षणाच्या नवव्या खंडाच्या तिसऱ्या भागात, १९०७ मध्ये, भिली व खानदेशी यांचे वर्णन एकत्र आले. ते बहुतांशी लिहून आलेल्या नमुन्यांवर आधारलेले होते आणि लिहिणाऱ्याच्या कानाने जे गाळले ते त्यात गळले. आज धडगाव वा नवापूर येथे ध्वनिमुद्रण करणाऱ्या विद्यार्थ्याने ‘हे दोन शब्द वेगळे वाटतात काय’ असे विचारून थांबू नये. दोन्ही शब्दांची मुद्रिते क्रम बदलून, एकेक करून, वीस वेळा ऐकवावीत आणि प्रत्येक वेळी अर्थ विचारावा. दोनतीन भाषकांस स्वतंत्रपणे अशी चाचणी देण्यास अर्धा दिवसही लागत नाही, आणि ती घेताना सर्वेक्षकास स्वतःस फरक ऐकू येतो की नाही याची नोंद वहीत वेगळ्या रकान्यात करावी.